शेपटीकडचं ओझं

खटारा म्हणायचं तर खुशाल म्हणा, मित्रांनो. मी जुनी आहे, माझ्या कोपऱ्यांना पोचे आहेत, तिरका पाऊस आला की एका खिडकीतून पाणी ठिबकतं, आणि हे सगळं मला तुमच्याआधी ठाऊक आहे. पण ‘हिचं आता काय राहिलंय?’ असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेत नाही. मोटारीच्या मागे आकड्याला अडकवून ओढायचं दोन चाकांचं घर आहे मी. कॅरॅव्हॅन म्हणतात मला. मला इंजिन नाही, माझे मागचे दिवे लागतात तेही मोटारीच्या मेहेरबानीवर. पण माझ्या पोटात दोन पलंग, एक शेगडी, इवलीशी मोरी आणि चार माणसं दाटीवाटीनं बसतील असं टेबल आहे. एवढ्या संसारावर मी अर्धा युरोप पाहिला. ज्यांनी आपल्या गावची वेस ओलांडली नाही, त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरून पातळ पत्रा, आतून लाकडी फळ्या आणि खिडक्यांना नारिंगी पडदे. तयार झाले तेव्हा मी इतकी लखलखीत होते की कामगार माझ्या पत्र्यात बघून भांग पाडायचे. हॉलंडच्या उत्तरेला फ्रीसलंड नावाचा सपाट, हिरवा, पाण्याचा मुलूख आहे. तिथल्या एका शाळामास्तरांनी मला नेलं. पुढे कितीतरी उन्हाळे मास्तर, त्यांची बायको आणि तीन मुलं मला घेऊन फ्रान्समधल्या एका तळ्याकाठी जात. वसंत ऋतू आला की मास्तर मला साबणानं धूत, मेण लावून पुसत. शेजारीपाजारी म्हणत, “मास्तर, बायकोपेक्षा हिचे लाड जास्त!” मी फुगून जायची.

मग मुलं मोठी झाली आणि मास्तर गेले. मला एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये लावलं आणि वरून ताडपत्री घातली. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. उलट मास्तरांची मुलं सगळ्यांना सांगत, आम्ही ती जपून ठेवलीय. मित्रांनो, मी त्या ताडपत्रीखाली एवढी वर्षं काढली की जपून ठेवणं आणि विसरून जाणं यातला फरकच मला कळेनासा झाला. उंदरांनी गाद्यांमध्ये बाळंतपणं केली. टायरना भेगा गेल्या. पलीकडे गाई तरी दिवसातून एकदा कुरणात जायच्या, मी तेवढीही नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते निंकेनं. ही बाई कालव्यावरच्या पुलाची राखणदार. होडी आली की घंटा वाजवायची, रस्ता बंद करायचा, पूल वर उचलायचा, आणि गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट होडीपुढे धरून त्यात पुलाचा कर घ्यायचा, असं तिचं काम. सगळा उन्हाळा जगभरच्या होड्या तिच्या पुलाखालून जायच्या. होडीतली उन्हानं लाल झालेली माणसं तिला हात हलवायची आणि ती त्यांना वाट करून द्यायची. उन्हाळ्यात सगळ्या जगाला रजा, हिला मात्र तेव्हाच जास्त काम. लग्नाआधीपासून तिच्या मनात एकच होतं. हॉलंडचा राखाडी समुद्र खूप झाला, एकदा आल्प्सचे डोंगर ओलांडून पलीकडच्या निळ्या समुद्रात पोहायचं आणि युरोपला पुरा वळसा घालून घरी यायचं.

“चालते का ही?” तिनं शेतकऱ्याला विचारलं.

“चालायला तिला पाय कुठे आहेत? ओढलीस तर येईल. घेऊन जा बाई, जागा मोकळी होईल माझी.”

निंकेनं ताडपत्री ओढून काढली आणि माझ्या पत्र्यावर थाप मारली. “चल गं बये. आपण दोघींनी बसून बसून बरंच काढलं.”

तिचा नवरा योरित गवताची छपरं शाकारतो. उंच छपराच्या उतारावर उभा राहून शीळ घालत काम करणारा गडी, पण घरात मांजर शिंकलं तरी काळजी करणारा. त्या हिवाळ्यात दोघांनी मला नवे टायर घातले, फळ्या बदलल्या, उंदरांना नोटीस दिली. आणि निघायचा महिना ठरला, त्याच सुमाराला निंकेला दिवस गेल्याचं कळलं.

आता खरा तमाशा सुरू झाला. योरितची आई, विप्के, हिला सगळे मेम म्हणतात. त्या मुलखात आईला मेमच म्हणतात. मेमच्या वाढदिवसाला रिवाजाप्रमाणे दिवाणखान्यात गोल खुर्च्या मांडल्या होत्या, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं होतं, आणि कॉफीबरोबर केकचा एकेक तुकडा वाटला होता. मी बाहेर अंगणात उभी होते. खिडकी उघडी असल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“पोट घेऊन डोंगर चढणार?” योरितचे सिब्रन काका म्हणाले. “आमच्या गाभण गाईला आम्ही पलीकडच्या कुरणातसुद्धा नेत नाही.”

“म्हणूनच ती बिचारी जन्मभर एकच गवत खातेय, काका,” निंके म्हणाली.

सगळे हसले. मेम हसल्या नाहीत. “परदेशात खाशील काय तू? ते तेल, तो लसूण. माझ्या नातवाला बाधलं म्हणजे?”

“तिकडेही बाया बाळंत होतात, मेम. त्यांची पोरं धडधाकट दिसतात.”

“दिसतात! आत काय असेल कुणाला ठाऊक. आणि तो पत्र्याचा डबा तर बघ. गोठ्यातून काढलेला! माणसानं पोटुशी असताना घरी बसावं, पाय वर घ्यावेत, विणकाम करावं.”

“सुईणबाईंना विचारलंय मी. त्या म्हणाल्या, सातवा सरेपर्यंत खुशाल फिर, तपासणीचे कागद जवळ ठेव, थांबून थांबून पाय मोकळे कर. ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं.”

“म्हणजे मला नाही विचारायचं?”

योरित आपल्या बशीतले केकचे कण बोटानं गोळा करत होता. दोन्हीकडून माराचा धनी होण्यापेक्षा ते बरं, असं त्याला वाटत असावं. मेम मला पत्र्याचा डबा म्हणाल्या याचा राग आला होता, पण त्याहून जास्त राग मला निंकेसाठी आला. जणू पोट आलं की बाईचे पाय जातात!

जाण्याच्या दिवशी सकाळी मेम एकट्याच माझ्यापाशी आल्या. “पडदे नीट करून देते,” असं त्या योरितला म्हणाल्या. पडद्यांना त्यांनी हातही लावला नाही. सायकलवरून खेपा घालून त्यांनी आपल्या वाफ्यातले बटाटे आणले, दोन पोती भरून. मागच्या पलंगाची फळी उचलली आणि तिथल्या खणात ती ढकलली. मग वाटाण्याच्या सूपचे डबे, मग चीजचं एक अख्खं चाक. वरून फळी लावून चादर सारखी केली, डोळे पुसले आणि निघून गेल्या.

मित्रांनो, इथे मला माझ्या शरीराची एक गोष्ट सांगायला हवी. मी दोन चाकांवर तोललेली असते. जड सामान ठेवायचं ते चाकांच्या बरोबर वर. नाकावर थोडा भार हवा, म्हणजे मी मोटारीच्या मागे शहाण्यासारखी येते. शेपटी मात्र हलकीच हवी. शेपटी जड झाली की नाक उचललं जातं आणि वेग वाढला की मी डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागते. हे योरितला पक्कं ठाऊक होतं आणि त्यानं सामान नीट तोलूनच भरलं होतं. पण त्याच्या पाठीमागून माझ्या शेपटीत आमच्या फ्रीसलंडची माती लागलेले बटाटे येऊन बसले. आमचे लोक असेच. स्वर्गात जायचं झालं तरी बटाटे घरचेच नेतील. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

जर्मनीतल्या सपाट रस्त्यांवर मी थोडी थोडी डोलत होते. योरित म्हणायचा, “वारा आहे.” वाऱ्याच्या मुलखातला माणूस, त्याला सगळं वाऱ्यानंच होतं असं वाटतं. निंकेला वाटेतल्या प्रत्येक गावचं खायचं होतं. कुठे भाजलेली सॉसेजं, कुठे चेरीचा केक, कुठे आंबट कोबी. त्यामुळे मागचा खण उघडायचं कुणाला कारणच पडलं नाही. ती खुशीत होती. मोटारीतून उतरली की दोन्ही हात कमरेवर ठेवून पोट पुढे काढून उभी राहायची आणि डोंगर बघायची. योरित तिच्यामागे उशी घेऊन फिरायचा.

ऑस्ट्रियात आल्प्स चढून एका लांब बोगद्यातून बाहेर आलो आणि पुढे उतार लागला. स्वच्छ ऊन होतं. शेजारून एक मोठा ट्रक सुसाट गेला, त्याच्या झोतानं माझी शेपटी डावीकडे फेकली गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी जास्त. मी मोटारीलाच झोडपायला लागले. मला थांबता येईना. योरितनं घाबरून ब्रेक दाबला आणि मी आणखी पिसाळले. कठड्यापलीकडे खोल दरी होती.

“पाय काढ!” निंके ओरडली. “ब्रेक नको, स्टिअरिंग सरळ धर! योरित, पाय काढ!”

ओढत नेलेल्या नावा तिनं वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या. पुढच्यानं झटका दिला की मागची अंगावर येते, हे तिला पाठ होतं. योरितनं पाय काढला. माझे झोके लहान झाले, आणखी लहान झाले, आणि अखेर आम्ही रस्त्याकडेच्या थांब्यावर उभे राहिलो. ते दोघं मोटारीतून उतरले. निंके माझ्यात आली आणि पलंगावर डाव्या कुशीवर आडवी झाली. तिचा तळवा पोटावर होता.

“हलतंय का?” योरितनं विचारलं.

“गप्प बस जरा.”

मी इतकी वर्षं माणसं पोटात घेऊन फिरले, मित्रांनो, पण तेव्हाइतकी भीती मला कधी वाटली नाही. बाहेर गाड्या जात होत्या. निंकेनं थोडा सफरचंदाचा रस घेतला आणि पुन्हा आडवी झाली. मग तिचं पोट एका बाजूला टरारून वर आलं आणि ती हसता हसता रडायला लागली. “लाथ मारली. चांगली सणसणीत मारली. रागावलंय आपल्यावर.”

तरी तिथून ते हळूहळू खालच्या गावातल्या इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले, आईला तपासलं आणि सगळं ठीक आहे, पुढे जायला हरकत नाही, असं सांगितलं. गावाबाहेर नदीकाठी कॅरॅव्हॅन लावायचा तळ होता, तिथे आम्ही उतरलो. निंके झोपली असताना योरितनं आईला फोन लावला. तीच त्याची चूक झाली.

“मी म्हणत नव्हते?” फोनमधला मेमचा आवाज मलाही ऐकू आला. “मी म्हणत नव्हते? आगगाडीनं परत या. आणि तो डबा तिथेच टाका कुणाच्या तरी गळ्यात!”

योरितनं तळाच्या मालकाला विचारलं, ही घेता का. मालकाला कोंबड्यांसाठी खुराडं हवंच होतं. तो मला एकदा गोल फिरून बघून गेला, वाकून खालून बघून गेला, आणि उद्या सकाळी नेतो म्हणाला. खुराडं! मास्तरांनी मेण लावून पुसलेल्या या अंगावर कोंबड्या बसणार होत्या.

निंके उठल्यावर योरितनं सगळं सांगितलं. ती पाय खाली सोडून बसली.

“पोट माझं, रजा माझी, आणि सल्ला घेतलास तो आईचा?”

“निंके, मी घाबरलो गं. तू बघितलं नाहीस, दरी किती…”

“मी तुझ्या शेजारीच बसले होते. मीही घाबरले. पण मला एवढं कळतं की गाडी उगाच झोकांड्या खात नाही. कारण शोधायचं सोडून तू गाडीच टाकायला निघालास. उद्या मला काही झालं तर मलाही खुराडं करशील?”

“असं काय बोलतेस?”

“मग काय बोलू? लहानपणापासून बघतेय. बाईचं आणि जुन्या गाडीचं काही चुकलं की सगळ्यांचा एकच उपाय, घरी बसवा! उठ. हिला देण्याआधी हिची झडती घे.”

त्यांनी पुढची कपाटं बघितली, मधला खण बघितला. सगळं जागच्या जागी होतं. मग निंकेनं मागच्या पलंगाची चादर फेकली आणि योरितनं फळी उचलली. पोत्यांच्या जाळीतून बटाट्यांचे पांढरे मोड बाहेर आले होते.

योरितनं पोत्यावरची माती बोटाला लावून बघितली. “मेम,” एवढंच तो म्हणाला.

निंकेनं फोन घेतला. “मेम, बटाटे सापडले.”

पलीकडून प्रश्न आला, “चांगले आहेत ना अजून?”

“मोड आलेत.”

“मोड काढून उकड. साल पातळ आहे त्यांचं.”

“मेम, ऐका. त्यांच्याच वजनानं गाडी फिरली. आम्ही दरीत जाणार होतो. तिघंही.”

आता मात्र तिकडून हुंदका आला. “मी तर तुझ्या पोटात घरचा घास जावा म्हणून… पोरी, मी तुझ्या भल्यासाठीच…”

“ठाऊक आहे मला. राग त्याचाच येतो. मला विचारलं असतंत, तर कुठे ठेवायचे ते मीच दाखवलं असतं.”

“परत ये गं.”

“येणार आहे. पण मागे वळून नाही, वळसा पुरा करून.”

त्या संध्याकाळी निंकेनं तळावरची सगळी मोठी पातेली मागून आणली. लोकांनी लोणी आणलं, कुणी मीठ आणलं, आणि उकडलेल्या बटाट्यांवर सगळा तळ जेवला. उरलेलं पोतं तिनं कोंबड्यांच्या मालकाला दिलं आणि सांगितलं, “खुराडं मिळणार नाही. हे न्या.” त्यानं ते हसत हसत खांद्यावर टाकलं.

सकाळी योरित मोटारीच्या दाराशीच घुटमळत राहिला. निंकेनं त्याच्याकडून किल्ली घेतली, मोटारीची खुर्ची पोट मावेल एवढी मागे सरकवली, पोटाखालून पट्टा बांधला आणि मला ओढायला लागली. सूपचे डबे आणि चीज चाकांवरच्या खणात हलवल्यामुळे शेपटी आता हलकी होती. मी त्या पुढच्या घाटांतून अशी गेले की नव्या कोऱ्या गाड्यांनीही वळून बघावं. स्लोव्हेनियातून खाली उतरताना एका वळणावर झाडं संपली आणि खाली निळा समुद्र दिसला. निंकेनं मोटार बाजूला घेतली. तिनं नुसतं नाक ओढलं.

दुपारी ती पाण्यात शिरली आणि उताणी होऊन तरंगायला लागली. लाटांवर फक्त तिचं गोल पोट आणि नाक दिसत होतं. किनाऱ्यावरची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

“लोक बघतायत गं,” योरित काठावरून म्हणाला.

“बघू देत! मी रोज पूल उचलते, मला लोकांच्या नजरांची सवय आहे. तू ये की आत, घाबरटा.”

तो कपड्यांसकट आत गेला. मग आम्ही इटलीच्या सपाटीवरून, फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून, बेल्जियमच्या पावसातून वर आलो, आणि सातवा सरायच्या आत वळसा पुरा करून घरी पोहोचलो. पुढे निंके घरातच, सुईणबाईंच्या हाती, सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे खरपूस बिस्किटांवर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या घालून त्यांनी साऱ्या गल्लीला वाटल्या.

हिवाळ्याआधी मला शेडमध्ये नेणार होते, त्या दिवशी मेम नातीला छातीशी धरून माझ्यात चढल्या. आल्या त्या थेट खिडकीपाशी जाऊन बसल्या. योरित बाहेर टायर तपासत होता आणि निंके पडदे काढत होती.

“योरितच्या वेळी,” मेम नातीकडे बघत म्हणाल्या, “ह्याच्या बापानं ऱ्हाईन नदीच्या सफरीची तिकिटं आणली होती. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीनं उंबरा ओलांडायचा नाही. तिकिटं गेली शेजाऱ्यांना. मी खिडकीत बसून मोजे विणले. पुढे तो म्हणायचा, जाऊ गं एकदा. मग तोही गेला.” त्यांनी नाक पुसलं. “तुला मी तेच सांगत होते ना गं? सासूबाईंचंच वाक्य. माझ्याच तोंडून.”

निंके त्यांच्या शेजारी बसली. “येत्या उन्हाळ्यात आम्ही ऱ्हाईनच्या काठाकाठानं जातोय, मेम.”

बाहेरून योरितनं डोकं आत घातलं. “तुला कसं जमेल मेम? तुझे गुडघे, तुझं ब्लडप्रेशर. आम्ही तुझ्या काळजीपोटीच म्हणतो.”

“तू गप रे! तुला कोण विचारतंय?” मेमनी आपला हात माझ्या भिंतीवर ठेवला. “मी हिला विचारतेय. नेशील का गं मला?”

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी काही विचारलं ते त्या दिवशी, पहिल्यांदाच. तोंड नव्हतं म्हणून उत्तर देता आलं नाही. पण उन्हाळा आला तेव्हा मेमची खाट मी चाकांच्या बरोबर वर, मी सर्वांत कमी हलते त्या जागी दिली, आणि ऱ्हाईनकाठच्या प्रत्येक मुक्कामावर माझ्या खिडकीतून त्यांचं “अगं बघ, अगं बघ” ऐकत गेले. तुमच्याकडेही कुणी म्हातारी असेल, कुणी पोटुशी असेल, माझ्यासारखा एखादा खटाराही असेल. त्यांची काळजी वाटते ना? वाटू द्या. पण ताडपत्री आणायच्या आधी त्यांना एकदा विचारा, आणि त्या ‘जाते’ म्हणाल्या तर चाकांतली हवा तपासून द्या आणि रस्त्यातून बाजूला व्हा.